रत्नागिरीतला राजा आणि मंडालेतला कैदी

रत्नागिरीला जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या माणसाच्या खिशात एक यादी असते. गणपतीपुळ्याचा गणपती, पावसची समाधी, रत्नदुर्गावरची भगवती, भाट्याची पुळण आणि परतताना आंब्याची पेटी. आंब्याचे दिवस नसतील तर निदान फणसपोळी आणि कोकमाचे आगळ. या यादीच्या अगदी तळाशी ‘थिबा पॅलेस’ असे लिहिलेले असते, आणि त्यापुढे, न लिहिता, ‘वेळ उरला तर’ असेही असते. मुलांना समुद्र हवा असतो, वडीलधाऱ्यांना देऊळ हवे असते. ब्रह्मदेशच्या एका पदच्युत राजाकडे कोणाचेच काही काम नसते. त्यामुळे वेळ बहुधा उरत नाही.

या खेपेस मी यादी उलटी धरली आणि सकाळीच थिबाच्या वाड्याची वाट घेतली.

गावाच्या कडेला, भाट्याच्या खाडीवरच्या उंचवट्यावर हा वाडा उभा आहे. लाल जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार कमानींच्या लाकडी खिडक्या आणि त्यांत रंगीत काचा. लाकूड ब्रह्मदेशी सागाचे. आत संगमरवरी फरशीचा एक मोठा दिवाणखाना आहे आणि मागच्या बाजूस राजाने आणवलेली म्हणून दाखवतात ती बुद्धमूर्ती आहे. वाड्यात आता एक छोटे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. इमारत देखणी आहे यात शंका नाही. पण तिच्यात काही काळ वावरल्यावर मनात येते, की हा राजवाडा नव्हे, राजवाड्याचा सरकारी नमुना आहे. राजा आपले घर बांधतो तेव्हा आधी देऊळ, दरबार, पागा आणि खजिना यांचा विचार करतो. हे घर बांधणाऱ्याने आधी अंदाजपत्रकाचा विचार केलेला आहे.

जवळच ‘थिबा पॉइंट’ म्हणून जागा आहे. खाली खाडी, राजिवड्याची कोळ्यांची वस्ती, नारळीची रांग आणि पलीकडे उघडा समुद्र. राजा येथे येऊन समुद्राकडे पाहत बसे, असे गावकरी सांगतात. बसत असेल, दुसरे करण्यासारखे त्याला फारसे नव्हतेच. मात्र एक गोष्ट भूगोलाच्या वहीतली आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बसलेला माणूस पश्चिमेकडे पाहतो आणि ब्रह्मदेश पूर्वेला आहे. थिबाने जन्मभर समुद्र पाहिला असेल, तरी आपल्या देशाकडे त्याची पाठच होती.

हा राजा येथे आला कसा, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

इंग्रजांनी ब्रह्मदेश तीन घासांत गिळला. १८२४ ते १८२६ च्या पहिल्या युद्धानंतर यांदाबूच्या तहाने आराकान आणि तेनासरीम त्यांच्याकडे गेले. १८५२ च्या दुसऱ्या युद्धात रंगूनसह सगळा खालचा ब्रह्मदेश, म्हणजे समुद्र आणि भातखाचरे, गेली. उरला तो वरचा, डोंगराळ, सागाच्या जंगलांचा प्रदेश. तेथे मिंडन नावाचा शहाणा राजा राज्य करीत होता. त्याने १८५७ साली इरावतीच्या काठी मंडाले हे नवे राजधानीचे शहर वसवले आणि संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. १८७८ साली मिंडन वारला आणि अंतःपुरातल्या कारस्थानांतून त्याचा विशीतला मुलगा थिबा गादीवर आला. त्याच्यामागे त्याची कर्तबगार आणि करारी राणी सुपयालत होती.

थिबा काही संत नव्हता. विहारात राहून पालीचा चांगला अभ्यास केलेला हा तरुण गादीवर येताच, १८७९ च्या फेब्रुवारीत, राजघराण्यातल्या कित्येक स्त्रीपुरुषांची कत्तल झाली. ती त्याने स्वतः करवली की त्याच्या नावाने इतरांनी करवली यावर इतिहासकार वाद घालतात; पण तिचा डाग पुसला जात नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांनी या कत्तलीच्या कथा पुढे वर्षानुवर्षे पुरवून वापरल्या. मात्र राज्य गेले ते या पापामुळे नव्हे. राज्य गेले त्याची कारणे दोन: जोडे आणि साग.

जोड्यांची गोष्ट आपल्या घरात सहज समजण्यासारखी आहे. ब्रह्मी राजाच्या भेटीला जाणाऱ्याने पादत्राणे काढून खाली बसावे, अशी रीत होती. इंग्रज वकील बरीच वर्षे कुरकुरत का होईना, ती पाळत आले. १८७५ नंतर हिंदुस्थान सरकारने ठरवले, की आपला वकील यापुढे जोडे काढणार नाही. राजानेही ठरवले, की जोडे घालून कोणी आत येणार नाही. परिणाम असा झाला, की मंडालेतल्या इंग्रज वकिलाला राजाचे दर्शनच होईनासे झाले, आणि १८७९ मध्ये वकिलातच उठली. उंबऱ्याशी चपला काढून आत येणाऱ्या आपल्यासारख्यांना यात राजाचे फारसे चुकले असे वाटणार नाही.

सागाची गोष्ट जास्त गंभीर आहे. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती कुऱ्हाडीने खोल कडे पाडतात, झाडाला दोन-तीन वर्षे जागच्या जागी वाळू देतात आणि मग तोडतात. हत्ती ओंडके ओढून ओढ्यांच्या कोरड्या पात्रात आणून ठेवतात. पावसाळ्यात पूर आला की ओंडके नदीला लागतात आणि पुढे तराफे बांधून रंगूनच्या वखारींत पोचतात. या धंद्यात सर्वांत मोठी पेढी होती ‘बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’. नाव नीट वाचावे. स्कॉटलंडच्या वॉलेस बंधूंची ही कंपनी १८६३ साली आपल्या मुंबईत स्थापन झालेली. १८८५ साली ब्रह्मी दरबाराने तिच्यावर ठपका ठेवला, की जंगलातून नेलेल्या ओंडक्यांच्या मानाने तुम्ही फार कमी ओंडक्यांचे पैसे भरलेत. आणि तिला सुमारे २३ लाख रुपये दंड केला.

एरवी हे भांडण वकिलांनी मिटवले असते. पण १८८५ हे साल एरवीचे नव्हते. युरोपातल्या राष्ट्रांनी बर्लिनला बसून आफ्रिकेच्या वाटणीचे नियम नुकतेच ठरवले होते. फ्रेंच लोक अनाम-तोंकिनमध्ये पाय रोवत होते आणि त्या जानेवारीत त्यांनी थिबाशी व्यापाराचा तह केला होता. ब्रह्मदेशात फ्रेंच येणार, या भीतीला कंपनीच्या तक्रारीची जोड मिळाली. २२ ऑक्टोबरला थिबाकडे निर्वाणीचा खलिता निघाला. त्यात चार मागण्या होत्या. कंपनीवरची कारवाई थांबवा. आमचा वकील मानाने ठेवून घ्या. परराष्ट्रांशी संबंध आमच्या सल्ल्याने ठेवा. आणि चीनशी व्यापाराला वाट द्या. जोडे आणि साग एकाच कागदावर आले. उत्तरासाठी मुदत होती १० नोव्हेंबरपर्यंत.

पुढे जे घडले त्याला युद्ध म्हणायचे ते केवळ रीत म्हणून. जनरल प्रेंडरगास्ट ९ हजारांवर सैनिक आणि ६७ तोफा घेऊन आगबोटींतून इरावतीवर चढला. १४ नोव्हेंबरला मोहीम सुरू झाली आणि २८ तारखेला फौज मंडालेत शिरली. दुसऱ्या दिवशी राजा, गर्भवती राणी आणि लहान मुली यांना बैलगाड्यांत घालून नदीवर नेण्यात आले. रस्त्याच्या दुतर्फा लोक रडत होते. बोटीचे नाव ‘थूरिया’, म्हणजे आपला सूर्य. १ जानेवारी १८८६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनने वरचा ब्रह्मदेश खालसा केल्याचा जाहीरनामा काढला. त्या दिवशी थिबाला सत्तावीस वर्षे पुरी झाली.

राजाला प्रथम मद्रासेस ठेवले आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणले. रत्नागिरीच का? येथे रेल्वे नव्हती. ती यायला पुढे शंभरावर वर्षे जावी लागली. सह्याद्रीचे घाट एका बाजूस, समुद्र दुसऱ्या बाजूस, आणि पावसाळ्यात बोटी बंद. ब्रह्मदेशातून कोणी चोरून येईल ही शक्यताच नाही. रत्नागिरीचा हा गुण सरकार पुढेही विसरले नाही. १९२४ ते १९३७ या काळात सावरकरांना स्थानबद्ध ठेवण्यासाठी हाच जिल्हा निवडला गेला.

राजांना परमुलखात नेऊन ठेवणे ही साम्राज्याच्या दप्तरातली ठरीव रीतच होती. आपल्याकडचा दुसरा बाजीराव १८१८ नंतर ब्रह्मावर्तास गेला. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली पदच्युत करून काशीस पाठवले. अवधचा वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला राहिला. दिल्लीचा बहादुरशाह जफर १८५८ मध्ये रंगूनला रवाना झाला आणि चार वर्षांनी तेथेच वारला. आफ्रिकेतल्या अशांतींचा राजा प्रेम्पे सेशेल्स बेटांवर गेला. फ्रेंचांनी मादागास्करची राणी अल्जियर्सला नेली. राजाला मारले तर त्याचा हुतात्मा होतो आणि त्याच्याच गावात ठेवले तर बंड होते. परक्या गावी नेऊन तनखा बांधून दिला, की तो हळूहळू हिशेबाच्या वहीतली एक खर्चाची बाब होऊन बसतो. त्यावर पत्रे लिहायची, कात्री लावायची, शेरे मारायचे. तलवारीपेक्षा हे शस्त्र स्वस्त होते.

थिबा असा तीस वर्षे खर्चाची बाब होऊन राहिला. आरंभी सरकारी साहेबांच्या बंगल्यांत त्याची सोय केली होती. सोबत आणलेली रत्ने एकेक करून विकली गेली. ‘न्गा मौक’ नावाचे एक अमोल माणिक आपल्याकडून कर्नल स्लेडनने घेतले आणि परत दिले नाही, असे तो अखेरपर्यंत म्हणत राहिला आणि अर्ज करीत राहिला. परवानगीवाचून गावाबाहेर पाऊल टाकता येत नसे. मुली मोठ्या झाल्या. त्यांना ब्रह्मी राजघराण्याला साजेशी स्थळे कोकणात कोठून मिळणार? शेवटी लाखावर रुपये खर्चून सरकारने हा वाडा बांधला आणि १९१० च्या नोव्हेंबरात राजा त्यात राहायला आला. कैदेची चोवीस वर्षे उलटल्यावर कैद्याला घर मिळाले. ते त्याला सहा वर्षे लाभले. १९१६ च्या डिसेंबरात तो तेथेच वारला.

आता रत्नागिरीहून मंडालेला जाऊ. कारण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तेथे आहे.

मी मंडालेला गेलो तो २०१९ च्या जानेवारीत. शहराच्या मधोमध जुन्या राजधानीचा प्रचंड चौरस आहे. एकेक बाजू दोन किलोमीटरची. उंच विटांचा तट, त्यावर लाकडी मनोरे आणि भोवती रुंद खंदक. संध्याकाळी खंदकाच्या पाण्यात मंडालेची टेकडी उलटी दिसते आणि सारे शहर काठाने फिरायला बाहेर पडलेले असते. परदेशी पाहुण्याला पूर्वेच्या दरवाजानेच आत सोडत आणि राजवाड्याचा रस्ता सोडून इकडे तिकडे फिरू देत नसत. आत लष्कराची वस्ती होती. जो राजवाडा दाखवतात तोही मूळचा नाही. मूळचा सागाचा राजवाडा १९४५ च्या मार्चमध्ये इंग्रज-जपानी लढाईत जळून गेला. आजचा १९९० नंतर उभारलेला आहे.

मूळ राजवाड्याचा एकच भाग पाहायला मिळतो. मिंडन ज्या दालनात वारला ते दालन थिबाने सोडवून घेऊन तटाबाहेर नेले आणि त्याचा विहार केला. श्वेनंदॉ हे त्याचे नाव. आतबाहेर कोरीव काम केलेला काळसर साग, जागोजागी उरलेला सोन्याचा मुलामा. बापाच्या भुताला भिऊन मुलाने ते दालन हलवले असे सांगतात. कारण काही असो; त्या हलवण्यानेच ते जगले. राजाच्या सिंहासनाचीही अशीच गंमत आहे. इंग्रजांनी ते कलकत्त्याच्या संग्रहालयात नेले, म्हणून ते आगीतून वाचले आणि १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाला परत मिळाले.

थिबा गेल्यावर या चौरसाचे ‘फोर्ट डफरिन’ झाले. आतल्या रहिवाशांना उठवून छावणी वसवली. राजवाड्यात साहेबांचा क्लब भरू लागला. लॉर्ड कर्झनने तो तेथून हलवायला लावीपर्यंत जेथे जोडे काढून बसायचे तेथे गोरे अधिकारी बूट घालून पेले भरीत होते. आणि याच तटाच्या आत तुरुंग होता. त्या तुरुंगात १९०८ च्या सप्टेंबरात आणून ठेवलेल्या कैद्याचे जन्मगाव होते रत्नागिरी.

टिळकांचा जन्म १८५६ चा, थिबाचा १८५९ चा. एक रत्नागिरीच्या आळीत जन्मला आणि मंडालेच्या तटात कोंडला गेला. दुसरा मंडालेच्या तटात जन्मला आणि रत्नागिरीच्या आळीशेजारी कोंडला गेला. १९१० च्या नोव्हेंबरात थिबा आपल्या नव्या वाड्यात राहायला गेला. त्याच नोव्हेंबरात टिळकांनी मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहायला घेतले. सुटे कागद मिळत नव्हते, पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्या होत्या. शाई नव्हती, शिसपेन्सिल होती. मंडालेचा उन्हाळा, मधुमेह, लाकडी गजांची कोठडी, आणि स्वयंपाकाला साताऱ्याकडचा कुलकर्णी नावाचा एक कैदी. मार्च १९११ अखेर ग्रंथ लिहून झाला. १९१२ मध्ये पत्नी वारल्याची तार त्यांना तेथेच मिळाली. १९१४ च्या जूनमध्ये ते सुटले.

ही अदलाबदल सरकारने काही गंमत म्हणून केलेली नव्हती. नकाशावर बोट ठेवून दूरची, अनोळखी जागा शोधायची, एवढेच त्यामागचे शास्त्र. पण एक फरक मला तेथे खंदकाच्या काठाने चालताना फार जाणवला. टिळकांच्या मंडालेबद्दल आपण शाळेपासून ऐकतो. आपल्याला मंडाले हे गाव माहीत आहे ते एक तुरुंग म्हणून. ते कोणाचे तरी काशी-सातारा होते, ते कोणाच्या तरी राजाला उठवून तुरुंग झालेले होते, हे आपण लक्षात घेत नाही.

आणि त्या कामात आपले हात अगदीच कोरडे नव्हते. मंडालेवर चालून गेलेल्या फौजेत हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते. मोहिमेचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. दंडाचे भांडण ज्या कंपनीचे होते ती मुंबईची. राजा गेल्यावर गावोगावी लोक उठले आणि ते बंड मोडायला पुढची काही वर्षे पुन्हा हिंदी फौज आणि हिंदी पोलीसच लागले. मग ब्रह्मदेश हिंदुस्थानचा एक प्रांत झाला आणि १९३७ पर्यंत तसाच राहिला. मुंबई-कोकणच्या बाजारात रंगूनचा तांदूळ येऊ लागला. आपल्या आजोबांच्या बिऱ्हाडांत ‘बर्मा टीक’चे कपाट ही अभिमानाची वस्तू झाली. तिकडे ब्रह्मी शेतकऱ्याची जमीन हिंदी सावकाराकडे गहाण पडू लागली. १९३० साली रंगूनला हिंदी मजुरांविरुद्ध दंगल झाली, आणि १९४२ मध्ये जपानी आले तेव्हा लाखो हिंदी माणसे डोंगरदऱ्यांतून पायी परत निघाली. कितीतरी वाटेतच मेली. गोरा साहेब राज्य करून गेला. ब्रह्मी माणसाच्या रोजच्या रागाला समोर मात्र हिंदी चेहरा होता.

या बाबतीत आपले वडीलधारे अगदी गप्प राहिले असेही नाही. मंडाले पडल्यावर बरोबर महिन्याने, २८ डिसेंबर १८८५ ला, मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. त्यात वरचा ब्रह्मदेश खालसा करण्याबद्दल नापसंतीचा ठराव झाला. आणि घ्यायचाच असेल तर त्याला हिंदुस्थानच्या कारभारापासून वेगळा ठेवा, अशी मागणी झाली. ठरावात चिंता प्रामुख्याने खर्चाची होती. पण ठराव झाला, आणि तो मुंबईतच झाला, ही गोष्ट नमूद करायलाच हवी. अधिवेशन आटोपते न आटोपते तोच डफरिनचा जाहीरनामा निघाला.

मंडालेची आजची हकिकतही सुखाची नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत त्या देशात पुन्हा लष्कराने सत्ता घेतली आणि २८ मार्च २०२५ च्या मोठ्या भूकंपात मंडालेची फार हानी झाली. त्या जुन्या तटाच्या भिंतीही जागोजागी ढासळल्या. ज्या खंदकाच्या काठाने मी फिरलो तेथे आज काय उरले असेल, याचा विचार नको वाटतो.

रत्नागिरीत वाड्यापासून काही अंतरावर थिबाची समाधी आहे. शेजारी त्याच्या धाकट्या राणीची समाधी आहे. ती १९१२ सालीच वारली होती. बरीच वर्षे ही जागा झाडाझुडपांत हरवल्यासारखी होती. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन येथे येऊन गेले. थिबाचा देह मंडालेला नेऊ द्यावा अशी सुपयालत राणीची फार इच्छा होती. सरकारने ती मानली नाही. १९१९ मध्ये तिला आणि मुलींना ब्रह्मदेशात परत जाऊ दिले, पण मंडालेपर्यंत नाही, रंगूनपर्यंतच. ती १९२५ मध्ये तेथे वारली. दिल्लीचा बादशहा रंगूनच्या मातीत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीच्या, असा तो हिशेब अजून तसाच आहे.

थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीत परत आली. गावातल्याच एका मराठी माणसावर तिचा जीव जडला होता आणि त्यांना एक मुलगी होती. राजकन्या १९४७ साली हलाखीतच वारली. ती मुलगी रत्नागिरीतच वाढली, तिने येथेच संसार केला आणि ती मराठीच बोलली. मंडालेच्या सिंहासनावर बसलेल्या राजाची नात कोकणी घरांतल्या चारचौघींसारखी कष्ट करून जगली. शेजारणींनी तिला परकी मानले नाही, एवढे श्रेय आपल्या कोकणाचे.

पुढच्या वेळी मुलाबाळांना घेऊन रत्नागिरीला जाल तेव्हा टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान पाहालच. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, थिबाच्या वाड्याकडेही जा. दोन्ही जागा एकाच गावात आहेत, चालत गेले तरी पाय दुखायचे नाहीत. मुलांना मंडालेच्या तुरुंगाची गोष्ट सांगताना तो तुरुंग कोणाच्या घरात होता तेही सांगा. त्या घराचा मालक हाकेच्या अंतरावर निजलेला आहे.